व्यंकटरावांच्या लॉनमधला कुंदा

१

"मॅडम, आमच्या लॉनचा खून झालाय," कोमल फोनवर म्हणाली, आणि ती हसत नव्हती.

रविवारची सकाळ होती. शिला आडे हिंगोलीतल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायची. गुलाब-मोगऱ्यापेक्षा बांधावरच्या नकोशा गवतावर ती जास्त रंगून बोलायची, म्हणून पोरांनी तिचं नाव 'तणवाल्या मॅडम' पाडलं होतं. कोमल कावरखे तिची जुनी विद्यार्थिनी. येत्या आठवड्यात तिचा साखरपुडा होता आणि तो घरापुढच्या लॉनवरच व्हायचा, असं तिचे वडील व्यंकटराव पाहुण्यांना सांगत सुटले होते. चहा तसाच टाकून शिलानं स्कूटी काढली.

फाटक उघडलं आणि ती जागीच थांबली. लॉन हिरवीगार होती, गालिच्यासारखी. पण मधोमध, माणूस आडवा झोपेल एवढा एक लांबट तुकडा वाळून पिवळा पडला होता. कडा सरळ, जणू दोरी लावून आखलेल्या.

"मला तर ते थडग्यासारखं दिसून राहिलं," कोमलची आई शकुबाई ओसरीतूनच म्हणाली. "परवापासून मी अंगणात उतरले न्हाई."

व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आवाज अजून ऑफिसातलाच. "थडगं-बिडगं काही नाही. हे जगनचं काम आहे. माळी आमचा. त्याला मी चार शब्द बोललो, त्याचा त्यानं राग काढला. काढून टाकलंय त्याला कालच."

जगन हे नाव ऐकून शिला चपापली. जगन तिच्याच वसराम तांड्यावरचा. लहानपणी दोघं एकाच बोरीखाली बोरं वेचायचे. चप्पल काढून ती त्या पिवळ्या तुकड्यात गुडघ्यांवर बसली.

लॉनची हरळी मेली होती, त्यात शंका नव्हती. पण त्या मेलेल्या हरळीतून काही हिरवे तुरे ताठ उभे होते. शिलानं एक खुडला आणि त्याचा दांडा बोटांत फिरवला. दांडा गोल नव्हता, तीन कोनांचा होता.

"कोमल, हे काय?"

"लव्हाळा, मॅडम."

"आणि लव्हाळा गवत आहे का?"

कोमलला वर्ग आठवला. "नाही. दिसतो गवतासारखा, पण कुळ वेगळं."

"बरोबर. म्हणजे इथं मारलेलं औषध फक्त गवत मारणारं आहे. सगळं जाळणारं असतं तर लव्हाळ्याचेही शेंडे पिवळे पडले असते." शिलाचा आवाज चढला होता. मग तिची नजर खाली गेली. वाळक्या हरळीच्या बुडातून जाड, राठ पात्यांचे कोवळे कोंब नुकतेच वर येत होते. तिनं एका कोंबाचं पेर नखानं उघडं केलं. पेरावर बारीक पांढरी लव होती. तिनं कोंब धरून ओढला, तो निघाला नाही, तुटला. खाली कुठंतरी खोल त्याचं मूळ होतं.

शिलानं तो तुटका कोंब तळहातावर धरला.

"काका, ही लॉन कोणत्या मातीवर लावली?"

"प्लॉटवर आधी मुरमाची भर. तिच्यावर लाल माती, कळमनुरीच्या नर्सरीतून आणलेली. मी तेव्हा गावाला गेलो होतो. का?"

"कारण हा कुंदा आहे. काळ्या, खोल रानातला. त्याचं बी उडत येऊन असं मुरमात रुजत नाही. तो मातीबरोबर येतो, मुळाच्या तुकड्यातून." तिनं त्या सरळ कडांवरून बोट फिरवलं. "आणि इथं तो नेमका या चौकटीतच आलाय."

२

जगनला बोलावून आणायला कोमलला बरीच मिनतवारी करावी लागली. तो आला तो फाटकाबाहेरच उभा राहिला. शिलाच बाहेर गेली. तांड्यावर दोघं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलत, पण ओसरीतून व्यंकटराव ऐकत होते, म्हणून तिनं मराठीतच विचारलं.

"जगन, हे तू केलंस?"

"ताई, मी काहून करू? पावसाळ्यात हा कुंदा निघाला तवा पयल्यांदा मीच साहेबाला सांगितलं. वरून कापून हा जात न्हाई, औषधानं वरचा जळते अन् खालून पुन्हा येते. खोल खणून सगळ्या काशा येचून काढा, उन्हात वाळवा, मंगच मरते. आमच्या रानात बापानं जलमभर तेच केलं."

काशा म्हणजे कुंद्याची जमिनीखालची पांढरी, गाठीगाठींची मुळं. एक तुकडा राहिला तरी कुंदा परत उभा राहतो.

"मग खणलं का नाहीस?"

"साहेब म्हणले, खाली पाण्याचा पाइप हाय, हात लावू नको. मी दोनदा इचारलं, दोनदा तेच म्हणले. तिसऱ्यांदा इचारलं तवा रागावले."

शिलानं मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. जगनकडं एकच तणनाशक होतं, फरशीच्या फटींतलं सगळं जाळून टाकणारं. बाटलीचं सील अजून तसंच होतं. राग काढायचा असता तर हातातली बाटली सोडून जगन दुसरं औषध शोधायला कशाला गेला असता?

ती परत आली तेव्हा ओसरीत विश्वंभर बसला होता. व्यंकटरावांचा पुतण्या. पुसेगावकडं त्याची शेती, आणि मांडवाचं बघायला तो सकाळीच आला होता. सोयाबीनच्या मळणीची धूळ अजून त्याच्या भुवयांवर होती.

"विश्वंभरभाऊ, सोयाबीनमधलं गवत मारायला काय फवारता?"

"गवताचं औषध. सगळेच मारतात. सोयाबीनला काही होत न्हाई, गवत तेवढं मरते."

"आणि लव्हाळा?"

"तो न्हाई मरत. तो तर..." विश्वंभर बोलता बोलता थांबला. अंगणातल्या पिवळ्या तुकड्याकडं त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, माझ्यावर काहून येऊन राहिल्या तुमी? अख्ख्या जिल्ह्यात ते औषध हाय."

"या लॉनसाठी माती-खत आणायला ट्रॉली तुमची होती?"

"न्हाई," तो झटकन म्हणाला. जरा जास्तच झटकन.

कोमलनं चमकून चुलत भावाकडं पाहिलं. "दादा, तुझीच होती ना? उन्हाळ्यात मी इथंच होते. ट्रॉलीवर तुझं नाव होतं."

विश्वंभर उठला आणि मांडववाल्याला फोन करायचा म्हणून बाहेर निघून गेला.

शिलाच्या मनात एक गोष्ट टोचू लागली. विश्वंभरचं रान वसराम तांड्याला लागून होतं. मधल्या बांधावर कुंदा एवढा माजलेला की बैल दिसायचे नाहीत. आणि त्याच बांधावरून गेल्या उन्हाळ्यात एक वस्तू नाहीशी झाली होती. ती वस्तू नाहीशी झाली म्हणून तिचा काका, गुलाबसिंग, आज तांड्यावर खाली मान घालून वावरत होता.

"जगन," ती हळूच म्हणाली, "पहार आण."

३

"अहो मॅडम, पाइप फुटेल," व्यंकटराव उठून उभे राहिले. "साखरपुड्याला चार दिवस आणि तुम्ही चिखल करून ठेवाल."

"फुटला तर मी बसवून देईन, काका. जगन, हळू. जड हातानं नको."

जगननं पहार चौकटीच्या मधोमध टेकवली आणि नुसत्या वजनानं आत सारली. लाल माती पातळच होती. तिच्याखाली पहार लोण्यात जावी तशी गेली. मुरूम कुठं लागलाच नाही. मग टण्ण आवाज झाला आणि जगनचे हात झिणझिणले.

"दगड हाय."

त्यानं पहार एक वीत बाजूला घेतली. पुन्हा दगड. आणखी बाजूला. पुन्हा तेच. शकुबाई भीती विसरून कधी अंगणात उतरली ते कुणालाच कळलं नाही.

जगन पाइपाला जपत, खुरप्यानं आणि हातांनी माती काढू लागला. लाल मातीचा थर संपला आणि चिकट काळी माती लागली. तिच्यात सगळीकडं कुंद्याच्या पांढऱ्या काशा, दोरखंडासारख्या एकमेकींत गुंतलेल्या. त्यानं त्या खालपर्यंत, चारी कडांपर्यंत उपसून काढल्या. खड्ड्यात काळी माती, काशा आणि एक पालथा दगड. दुसरं काही नव्हतं. मांडवाची माणसं फाटकात होती, तीही धावली. सगळ्यांनी मिळून दगड उलटला आणि कोमलनं बादलीभर पाणी ओतलं.

काळ्या चिखलाखालून ओळीनं चाललेले बैल दिसले. प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी गोण्या. सगळ्यांत पुढं एक बाई, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं पुढच्या बैलाच्या शिंगाला धरलेलं. तिच्या घाघऱ्याची चूण न् चूण दगडात कोरलेली होती.

शिलानं उरलेला चिखल हातानं पुसला. या दगडाला तिनं लहानपणी शेंदूर लावला होता. तांडा इथं स्थिरावायच्या आधी, बैलांवर मीठ आणि धान्य लादून लोक मुलूख पालथा घालायचे, त्या लदेणीचा हा दगड. ती पुढची बाई वाटेत दरोडेखोरांशी लढताना मेली, असं म्हातारी माणसं सांगत. वीरगळ पुष्कळ गावांत असतात, पण बैलांच्या तांड्याच्या पुढं चालणारी बाई दुसऱ्या कुठल्या वीरगळावर शिलानं पाहिली नव्हती.

"हा तर तुमच्या तांड्याचा चोरीला गेलेला दगड," व्यंकटराव म्हणाले. त्यांनी बातमी वाचली होती. मग त्यांनी जगनकडं पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम थंड झाला. "तू त्याच तांड्याचा. ही लॉन तुझ्या ताब्यात. आणि मॅडम, राग मानू नका, पण दगड विकल्याचा संशय ज्याच्यावर होता तो गुलाबसिंग तुमचा काकाच ना?"

जगनच्या हातातलं खुरपं गळून पडलं.

कोमलनं पोलिसांना फोन लावलेलाच होता.

४

उपनिरीक्षक निता मस्के शांत बाई होती. तिनं दगडाचे फोटो काढले, तो ओसरीत नेऊन चादरीखाली झाकायला लावला आणि जगनला पायरीवर बसवलं.

"आडे मॅडम, मी सरळ बोलते. दगड तुमच्या तांड्याचा, राखायचे तुमचे काका, सापडला तो तुमच्या तांड्याचा माणूस राबतो त्या अंगणात. मला दोघांनाही ठाण्यात न्यावं लागेल. काकांना बोलवून घेतलंय."

"संध्याकाळपर्यंत थांबाल?"

"कशासाठी?"

शिलाला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. पण डोकं पळत होतं. दगड पुरणाऱ्यानं तो गपचूप ठेवला होता. मग आत्ताच, साखरपुड्याच्या तोंडावर, वरचं गवत मारून सगळ्यांचं लक्ष त्याच जागेकडं का वेधलं? लपवणारा माणूस असं करत नाही. काढून नेणारा माणूस करेल.

ती वळली. "काका, हा मेलेला तुकडा बदलायचं ठरलंय का?"

"हो तर. उद्याच. ज्यानं लॉन लावली त्या कळमनुरीच्या दिपकला मी कालच सांगितलं. बिचारा म्हणाला, पैसे नको, माझंच काम आहे, माझी माणसं आणून तासाभरात नवं गवत बसवून देतो."

शिलानं निताकडं पाहिलं. निता खुर्चीवर बसली. "संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली. "आणि इथली गोष्ट या फाटकाबाहेर जाणार नाही. कुणीच फोन करायचा नाही."

कोमलनं गाडी काढली. नांदेडच्या रस्त्यानं कळमनुरी गाठेपर्यंत कोमलनं दोनदा गिअर चुकवला.

दिपकची नर्सरी रस्त्यालगतच होती. माणूस गोड, हसतमुख, तिशीतला. कोमलला पाहून तो धावतच आला. "ताई, उद्या येणारच होतो मी. काळजी करू नका."

"त्याच्यासाठी नाही," शिला म्हणाली. "मी कॉलेजात शिकवते. आमच्या आवारात लॉन लावायची आहे. तुमचं काम बघायला आले."

दिपक खुलला. तो त्यांना वाफ्यांमधून फिरवू लागला. शोभेच्या दगडी कुंड्या होत्या, जुनी जाती होती, एका कोपऱ्यात तुटकं नंदीचं शिल्प. "मोठ्या शहरांतले लोक फार मागतात हो असलं. फार्महाऊसला शोभते."

शिला त्या नंदीकडं पाहत होती, पण थांबली ती गुलाबाच्या वाफ्यापाशी. गुलाब टवटवीत. त्यांच्या बुडाशी चिमणचारा आणि हरळी वाळून पिवळी पडलेली. आणि त्या पिवळ्यातून लव्हाळ्याचे ताठ, हिरवेगार तुरे.

गुलाबाला धक्का न लावता फक्त गवत मारायचं, तर सोयाबीनचंच औषध नर्सरीतही चालतं. पण तेवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं. विश्वंभरकडंही तेच औषध होतं, आणि त्याची ट्रॉलीही.

"एक विचारायचं राहिलं," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली. "लॉनमधल्या पाण्याच्या पाइपांचं काय करता? आमच्याकडं एकानं मधोमध पाइप घातला. आता फुटला की सगळी लॉन उकरावी लागते."

दिपक हसला. "येडा असंल तो. मी कधीच मधून पाइप घेत न्हाई, मॅडम. चारी बाजूंनी भिंतीलगत फिरवायचा अन् तिथूनच फवारे सोडायचे. बराबर सगळीकडं पाणी जाते. तुमच्या कोमलताईंच्या घरी बघा की. तिथं तसंच केलं."

कोमलनं शिलाचा हात घट्ट धरला.

५

ऊन उतरायला लागलं तेव्हा दिपकची पिकअप कावरखेंच्या फाटकातून आत आली. उद्याऐवजी आजच ये, पाहुणे लवकर येऊन राहिले, असं व्यंकटरावांनी निताच्या सांगण्यावरून त्याला कळवलं होतं. खड्ड्यावर मांडवाची ताडपत्री अंथरली होती. ओसरीत विश्वंभरसकट बाकी मंडळी बसली होती, आणि एका टोकाला, चादरीखालच्या दगडाशेजारी, गुलाबसिंग. पांढरं धोतर, पांढरा फेटा, आणि कुणाच्याच चेहऱ्याकडं न बघायची गेल्या काही महिन्यांत लागलेली सवय. निता घरात, पडद्यामागं होती.

"ताडपत्री काहून घातली?" दिपकनं विचारलं.

"मांडववाल्यांची आहे," शिला म्हणाली. "दिपकभाऊ, तुम्ही खणणार, पण खाली पाइप आहे म्हणे. जपून खणावं लागेल ना?"

"म्हणून तर मी स्वतः आलो. दुसऱ्या कुणी हात लावला तर फुटंल. मी काकांना तवाच सांगून ठेवलं होतं."

"पाइप नेमका कुठून जातो?"

दिपकनं पायानं ताडपत्रीवर आडवी रेघ दाखवली. "इथून."

"दुपारी तुम्ही मला म्हणालात, मधून पाइप कधीच घेत नाही. या घरीही भिंतीलगतच फिरवलाय."

दिपकचा पाय तिथंच थांबला. शिलानं जगनला खूण केली. जगननं ताडपत्रीचं टोक धरलं आणि ती ओढून काढली.

खड्ड्यात काळी माती होती. काशांचे तुकडे होते. पाइप नव्हता.

"सकाळी दगड निघाला आणि आम्ही सगळे इतके हबकलो की पाइपाचं भानच राहिलं नाही," शिला म्हणाली. आता तिला थांबणं शक्यच नव्हतं. "जगन पाइपाला जपून खणत होता. पाइप आहे यावर काकांचा विश्वास होता, विश्वंभरभाऊंचाही असणार. लॉन लावली तेव्हा काका गावाला गेलेले. तो पाइप नाही हे ठाऊक असणारा माणूस एकच. ज्यानं पाइप टाकले तो. आणि नसलेला पाइप आहे असं सांगायचं कारण एकच, तिथं कुणी खणू नये."

ती व्यंकटरावांकडं वळली. "दगड यानं बांधावरून उचलला. मुळांसकट उचलला, कारण कुंद्याच्या काशा त्याला वेटाळून बसल्या होत्या. तांड्यावर बोंब झाली, पोलीस जुन्या दगडांच्या व्यापाऱ्यांकडं, नर्सऱ्यांकडं विचारू लागले. तेव्हा याच्या हातात तुमचं काम होतं. मुरूम उकरून दगड पुरला, सोबत आलेली काळी माती वर लोटली आणि लाल माती टाकून हरळी बसवली. याच्याशिवाय ती लॉन कुणी उकरणार नव्हतं. पण काशा मेल्या नव्हत्या. पावसानं कुंदा वर आला, आणि जगन खणू द्या म्हणून मागं लागला. ते याच्या कानावर गेलं असणार, म्हणून यानं तेवढाच तुकडा मारला. एका फवारणीत दोन कामं झाली. संशय जगनवर गेला, जगनला तुम्ही काढून टाकलंत. आणि मेलेलं गवत बदलायला तुम्ही यालाच बोलावलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

"हे सगळं तुमचं..." दिपक म्हणाला. मग त्यानं विश्वंभरकडं बोट केलं. "ट्रॉली याची होती. बांध याचा. इचारा त्याला."

विश्वंभर उभा राहिला. "व्हय, ट्रॉली माझी. झाडांच्या खड्ड्यांसाठी काळी माती पाहिजे म्हणून यानं मागितली. मी म्हणलं, बांधाकडची घे, तिथला कुंदा तरी कमी होईल. मी तवा बाजारात हळद घेऊन गेलो होतो. परत आलो तर दगड गायब. मला समजलं, पण भ्यालो. रान माझं, ट्रॉली माझी, माझं कोणी खरं मानलं असतं? अन् गुलाबकाकांवर आळ आला तवाही गप्प बसलो." तो गुलाबसिंगकडं बघू शकला नाही.

निता बाहेर आली. ती आधी पिकअपकडं गेली. तिनं मागचं फळकुट पाडलं. आत हरळीच्या दोन गुंडाळ्या होत्या, चौकटीचा कोपराही झाकला नसता एवढ्या. त्यांच्याखाली साखळीची घिरणी, लाकडी ओंडके आणि जुन्या गोधड्यांचा ढीग.

"गवत बसवायला घिरणी लागते?" तिनं विचारलं.

दिपकनं फाटकाकडं पाहिलं. तिथं मांडवाची माणसं उभी होती. तो पिकअपच्या चाकापाशी खाली बसला.

"दगडच होता तो," शेवटी तो म्हणाला. "काट्या-कुंद्यात पडला होता. बकऱ्या त्याला अंग घासत. शहरात चांगल्या जागी लागला असता. लोकांनी बघितला तरी असता."

गुलाबसिंग उठला, ओसरीची पायरी उतरला आणि दिपकच्या समोर येऊन उभा राहिला.

"पडला न्हवता," तो म्हणाला. "उभा होता. अन् बघत होतो की आमी."

६

दगड लगेच मिळाला नाही. पंचनामा, मग पुरातत्त्व खात्याचा माणूस, मग कोर्टाची परवानगी, असं करत हिवाळा सरत आला. तोवर दिपकच्या फोनमधून गिऱ्हाइकाचं नाव निघालं आणि निता दुसऱ्या दोन गावांच्या हरवलेल्या मूर्तींच्या मागं लागली.

कोमलचा साखरपुडा ठरल्या दिवशीच झाला. लॉनच्या मधोमध खड्डा होता, म्हणून पाटच भिंतीशेजारी मांडले. व्यंकटरावांनी पाहुण्यांदेखत जगनचा हात धरून त्याला पंगतीत आपल्याशेजारी बसवलं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. ते नुसतं त्याच्या ताटात वाढत राहिले. नंतर जगननं खड्डा आणखी खोल केला, माती चाळून सगळ्या काशा वेचल्या आणि गच्चीवर उन्हात पसरल्या. काळी माती ट्रॉलीत भरून बांधावर परत पाठवली, मुरूम दाबला, वर नवी हरळी लावली. शिला अधूनमधून जाऊन गुडघ्यांवर बसून बघायची. कुंद्याचा एकही कोंब पुन्हा दिसला नाही. लव्हाळा मात्र हटेना, तेव्हा जगन रोज सकाळी त्याच्या जमिनीखालच्या गाठी खुरप्यानं उपटत बसायचा.

दगड परत न्यायच्या दिवशी अख्खा तांडा हिंगोलीला आला. सगळ्यांत पुढं नानीबाई. तांड्यावरची सगळ्यांत म्हातारी बाई, आणि गुलाबसिंगनं दगड विकला असं बैठकीत पहिल्यांदा बोलली तीच. शिला तिला बघून ताठ झाली. आता ही काय म्हणते, आणि काका काय उत्तर देतो, या धास्तीनं ती दोन पावलं पुढं सरकली.

नानीबाई गुलाबसिंगपाशी आली. डोक्यावरच्या ओढणीचं टोक धरून तिनं त्याच्या पायावरची धूळ पुसली. म्हातारीनं, सगळ्यांसमोर. गुलाबसिंग घाईनं मागं सरकला, तिला दोन्ही हातांनी उठवलं आणि "नानी, नको, नको," एवढंच म्हणत राहिला.

दगड ट्रॉलीत चढवला. ट्रॅक्टर विश्वंभरचा होता, तो स्वतः चालवायला बसला होता. त्यानं शेजारची जागा फडक्यानं पुसली.

"गुलाबकाका, या, इथं बसा."

गुलाबसिंगनं नाही म्हणून मान हलवली. ट्रॅक्टर हळू निघाला. शहर संपलं, डांबरी रस्ता मागं पडला, कच्ची वाट लागली. दोन्ही बाजूंना हरभरा घाटे धरून उभा होता. बाया गात होत्या, पोरं पुढं पळत होती. शिला जगनबरोबर मागून चालत होती आणि तिची नजर पुढं एकाच माणसावर होती. ट्रॉलीच्या कडेला, दगडातल्या त्या बाईवर हात ठेवून, गुलाबसिंग तांड्यापर्यंत सगळी वाट पायी चालला. आणि वाटेत जो भेटेल त्याच्या डोळ्यांत बघून त्यानं राम राम घातला.